साखर कारखान्यातील जुन्या जनित्राचे संरक्षक रिले : बदलावेत की जपावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात १९८६ सालचा, ६ मेगावॉट आणि ११ केव्हीचा टर्बो-जनरेटर आहे. त्याच्या पॅनेलवर बिघाड ओळखून ट्रिपचा आदेश देणारे बहुतेक रिले मूळचे, म्हणजे हलत्या भागांचे इलेक्ट्रोमेकॅनिकल आहेत आणि मधल्या काळात बसवलेले दोन स्टॅटिक (इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचे) रिले आहेत. दरवर्षी बाहेरची एजन्सी येते, रिले तपासते आणि सर्व ठीक असल्याचा अहवाल देते. गेल्या हंगामात मात्र टर्बाइन ट्रिप झाल्यानंतर रिव्हर्स पॉवर रिलेने (जनित्र ग्रिडकडून उलटी वीज घेऊ लागल्याचे ओळखणाऱ्या रिलेने) जनित्राचा ब्रेकर, म्हणजे त्याला ग्रिडशी जोडणारा स्विच, ट्रिप केला नाही आणि ऑपरेटरला तो ब्रेकर हाताने उघडावा लागला. आता काही जण म्हणतात की सगळे रिले काढून न्यूमेरिकल (संगणकीय) बसवा, तर काही म्हणतात की चाळीस वर्षे चालले आहे त्याला हात लावू नका. तिथल्या तरुण विद्युत अभियंत्याने विचारले आहे की यातले काय करावे, आणि जुने रिले ठेवायचे झाल्यास त्यांची निगा कशी राखावी.

उत्तर :

तुमच्या रिलेंचे वय तूर्त बाजूला ठेवा. कागदावर रिले ठीक होता आणि प्रत्यक्षात ब्रेकर ट्रिप झाला नाही, या विसंगतीचा छडा लागेपर्यंत एकही नवा रिले विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोष रिलेच्या बाहेर, वायरिंगमध्ये किंवा डीसी पुरवठ्यात असेल, तर उद्या येणारा न्यूमेरिकल रिलेही त्याच वायरिंगला जोडला जाईल आणि पुढच्या वेळीही ब्रेकर तसाच ऑन राहील.

मी नाशिकमध्ये पस्तीसहून अधिक वर्षे रिले टेस्टिंगचेच काम केले. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले; त्या पिढीतल्या ज्येष्ठांच्या हाताखाली आम्ही शिकलो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेली गोष्ट अशी की इलेक्ट्रोमेकॅनिकल रिले आपण नादुरुस्त झाल्याचे कधीही सांगत नाही. न्यूमेरिकल रिले स्वतःवर लक्ष ठेवतो आणि आत काही बिघडले तर अलार्म देतो. जुन्या रिलेची डिस्क गंजून अडकली असली, तरी काचेमागे तो पूर्वीसारखाच दिसतो. त्यामुळे त्याची प्रकृती फक्त चाचणीतून कळते, आणि ती चाचणी ब्रेकरपर्यंत पोहोचली तरच तिला अर्थ असतो.

तुमच्यासारखाच एक प्रसंग मी बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात पाहिला. ल्युब ऑइलचा दाब कमी झाल्याने टर्बाइनचा स्टॉप व्हॉल्व्ह बंद झाला, पण जनित्र ग्रिडवरच राहिले आणि मोटरसारखे फिरत राहिले. वाफेचा प्रवाह थांबल्यावर टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातील पाती आत अडकलेल्या वाफेला घुसळतात आणि ती उष्णता वाहून नेणारे काहीच उरत नाही, म्हणून ही अवस्था पात्यांसाठी धोक्याची असते. आम्ही पोहोचलो तेव्हा रिव्हर्स पॉवर रिलेचा फ्लॅग, म्हणजे तो चालल्याची खूण, पडलेला होता. म्हणजे डिस्क फिरली होती, संपर्क जुळला होता, रिलेने आपले काम चोख केले होते. रिले आणि लॉकआउट रिले (ट्रिपचा आदेश ब्रेकरपर्यंत नेणारा आणि रीसेट होईपर्यंत तो धरून ठेवणारा) यांच्यामध्ये टर्मिनलवर एक सरकती लिंक होती. आधीच्या ऑफ-सीझनमध्ये टेस्टिंगच्या वेळी ट्रिप पुढे जाऊ नये म्हणून कोणीतरी ती उघडली होती आणि परत लावायची राहून गेली होती. चाचणी अहवालातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त त्या लिंकेबद्दल त्यात काहीच नव्हते.

म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न असा आहे की त्या दिवशी फ्लॅग पडला होता का. याचे उत्तर वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. काही रिलेंमध्ये फ्लॅगची कॉइल संपर्क जुळताच थेट डीसीवर येते, आणि अशा रिलेचा फ्लॅग पुढची लिंक उघडी असली तरी पडतो. काहींमध्ये ती ट्रिप प्रवाहाच्या सिरीजमध्ये असते आणि लिंक उघडी असेल तर प्रवाहच नसल्यामुळे फ्लॅगही पडत नाही. आपला रिले कोणत्या प्रकारचा आहे हे त्याच्या आतील जोडणीच्या नकाशावरून ठरवा, नाहीतर ‘फ्लॅग नाही म्हणजे रिले चालला नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

त्यानंतर, ब्रेकर टेस्ट पोझिशनला, म्हणजे मुख्य वीजजोडणीपासून वेगळा, असताना, रिलेच्या टर्मिनलवर प्रवाह आणि व्होल्टेज देऊन तो चालवा आणि त्याने स्वतःच्या मार्गाने, टायमर असेल तर टायमरमधून, लॉकआउट रिलेमधून, खरा ब्रेकर ट्रिप केला का ते पाहा. पॅनेलवरच्या प्रत्येक ट्रिपिंग रिलेसाठी हे स्वतंत्रपणे करा. फील्ड ब्रेकर (रोटरला चुंबकत्व देणारा एक्सायटेशनचा प्रवाह तोडणारा) आणि टर्बाइनचा ट्रिप सोलेनॉइड यांच्याकडे जाणारे संपर्कही त्याच वेळी तपासा. मग बॅटरीचा चार्जर बंद ठेवून केवळ बॅटरीवर ट्रिप घ्या. ब्रेकरच्या ट्रिप कॉइलने ठरीव व्होल्टेजच्या ७० टक्क्यांवरही काम करायला हवे. ११० व्होल्टच्या यंत्रणेत याचा अर्थ ७७ व्होल्ट. चार्जर चालू असताना ११० व्होल्ट दाखवणारी बॅटरी कॉइलचा भार येताच कोसळते, हे मी एकापेक्षा अधिक ठिकाणी पाहिले आहे. ट्रिप सर्किट सुपरव्हिजनचा (ट्रिपची वाट अखंड असल्याचे दाखवणारा) दिवा गेलेला असेल तर तो आजच बदला.

आता खास रिव्हर्स पॉवर रिलेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण वायरिंग ठीक निघाले तर संशय इथेच येतो. तुमच्या ६ मेगावॉटच्या संचाचा पॉवर फॅक्टर ०.८ धरला, तर क्षमता ७.५ एमव्हीए, पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे ३९४ अँपिअर आणि रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता ये-जा करणारी) ४.५ एमव्हीएआर होते. स्टीम टर्बाइनला मोटरसारखे फिरवायला साधारणपणे ठरीव क्षमतेच्या अर्धा ते तीन टक्के इतकीच वीज लागते. ती २ टक्के, म्हणजे १२० किलोवॉट मानून आपण रिले निम्म्यावर, ६० किलोवॉटवर लावला असे समजू. वाफ बंद झाली तरी एक्सायटेशन तसेच राहते, म्हणून रिॲक्टिव्ह पॉवर ४.५ एमव्हीएआरच राहू शकते. अशा वेळी सीटी (प्रवाह मोजण्यासाठीचा ट्रान्सफॉर्मर), पीटी (व्होल्टेज मोजण्यासाठीचा) आणि रिले यांच्यात मिळून केवळ एका अंशाचा कोनीय फरक असेल, तर रिलेला ४.५ एमव्हीएआरचा एका अंशाच्या साइनइतका भाग, म्हणजे जवळपास ७९ किलोवॉट, खोटी पॉवर दिसते. आपली सेटिंगच ६० किलोवॉट आहे. हा फरक एका दिशेने असेल तर खरी उलटी पॉवर झाकली जाते आणि रिले स्वस्थ बसतो. दुसऱ्या दिशेने असेल तर कमी भारावर संच विनाकारण ट्रिप होतो. एजन्सीने रिले केवळ सरळ विरुद्ध कोनावर, म्हणजे १८० अंशांवर प्रवाह देऊन तपासला असेल, तर हा दोष कधीच दिसणार नाही. प्रवाह मोठा ठेवून कोन ९० अंशांच्या आसपास हळूहळू फिरवा आणि रिले नेमका कोणत्या कोनावर उचलतो ते नोंदवा. आणि शक्य असेल तेव्हा, टर्बाइन उत्पादकाची मर्यादा पाहून आणि शिफ्ट इंचार्जच्या देखरेखीखाली, हंगाम संपताना संच उतरवताना वाफ बंद करून रिव्हर्स पॉवरवरच ब्रेकर ट्रिप होऊ द्या. वर्षातून एकदा मिळणारी ही सर्वांत खरी चाचणी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही.

जनित्राचे संरक्षण फीडरच्या संरक्षणापेक्षा वेगळे का असते, हेही तुमच्या व्यवस्थापनाला समजावून सांगावे लागेल, कारण ‘एक ओव्हरकरंट रिले आहे ना’ असे ऐकायला मिळते. जनित्राच्या टोकाशी शॉर्ट सर्किट झाले की पहिल्या क्षणी प्रवाह पूर्ण भाराच्या सात-आठपट उसळतो, पण तो तिथे टिकत नाही. सिंक्रोनस रिॲक्टन्स (स्थिर अवस्थेतला जनित्राचा आतला अडथळा) १८० टक्के असेल, तर नो-लोड एक्सायटेशनवर स्थिरावलेला प्रवाह पूर्ण भाराच्या जेमतेम ५६ टक्के, म्हणजे सुमारे २२० अँपिअर राहतो. पूर्ण भाराचे एक्सायटेशन कायम राहिले तरी तो दीडपटीच्या आत असतो, आणि एक्सायटेशन जनित्राच्याच टोकांवरून घेतलेले असेल तर व्होल्टेज कोसळल्याने तो आणखी घसरतो. साधा सीडीजी (डिस्कचा ओव्हरकरंट) रिले दीडपटीवर लावला असेल, तर डिस्क थोडी फिरते आणि परत येते. त्यासाठीच व्होल्टेज पडल्यावर कमी प्रवाहावरही उचलणारा सीडीव्ही जातीचा रिले देतात. त्याची चाचणी व्होल्टेज असताना आणि नसताना, अशी दोन्ही प्रकारे झाली पाहिजे. अहवालात एकच आकडा असेल तर अर्धी चाचणी राहिली आहे असे समजा. याच रिलेची दुसरी बाजू अशी की पीटीचा फ्यूज गेला तर त्याला व्होल्टेज पडल्यासारखेच वाटते. एक्सायटेशन गेल्याचे ओळखणाऱ्या फील्ड फेल्युअर रिलेचेही तसेच आहे. तुमच्याकडे पीटी फ्यूज गेल्याचे ओळखून हे रिले रोखून धरणारी व्यवस्था आहे का, ते पाहा.

अर्थ फॉल्टच्या बाबतीत जुन्या रिलेची एक खोड सहज नजरेतून सुटते. समजा रिलेचा बर्डन, म्हणजे तो सीटीवर टाकत असलेला भार, सेटिंगवर ३ व्हीए आहे. पाच अँपिअरच्या रिलेला २० टक्के सेटिंग दिली तर १ अँपिअरवर त्याचा रोध ३ ओहम होतो, पण संवेदनशीलता वाढवण्यासाठी कोणी ती १० टक्के केली तर अर्ध्या अँपिअरवर तो १२ ओहम होतो. जुन्या, छोट्या सीटीला इतका रोध पेलताना स्वतःचाच मॅग्नेटायझिंग प्रवाह वाढवावा लागतो, आणि ज्या प्रवाहावर रिले उचलेल असे आपण समजतो त्याहून बऱ्याच जास्त प्रवाहावर तो उचलतो. त्यामुळे सेटिंग खाली आणण्यापूर्वी सीटीची मॅग्नेटायझिंग वक्ररेषा घ्या. न्यूमेरिकल रिलेचा बर्डन अगदी नगण्य असतो, आणि रिले बदलण्याच्या बाजूचे हे एक प्रामाणिक कारण आहे.

जपणुकीचा मुद्दा मी मुद्दाम इथे घेतो, कारण साखर कारखान्यातला रिले वीज केंद्रातल्या रिलेपेक्षा वेगळ्या कारणाने आजारी पडतो. वीज केंद्रात पॅनेल बाराही महिने गरम असते. आपल्याकडे गाळप संपले की संच थांबतो, पॅनेल थंड होते, आणि जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत चार महिने रिले तसेच पडून राहतात. इगतपुरीकडच्या घाटात हे सर्वांत वाईट, पण निफाड आणि दिंडोरीच्या कालव्याच्या पट्ट्यातही हवा कोरडी नसते. हंगामभर हवेत उडालेला बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) बारीक भुसा पॅनेलमध्ये शिरलेला असतो. तो ओल धरून ठेवतो, त्यावर बुरशी येते, चांदीचे संपर्क काळे पडतात आणि बारीक स्प्रिंगांना गंज चढतो. इतक्या वर्षांत मी पाहिलेले बहुतेक अडकलेले रिले ऑक्टोबरमध्ये, बॉयलर पेटण्याच्या सुमारास सापडले आहेत. उपाय साधा आहे : पॅनेलचे स्पेस हीटर पावसाळाभर चालू ठेवा, केबल येण्याची भोके सीलबंद करा, रिलेच्या केसचे गॅस्केट चिरले असेल तर बदला आणि बॅटरी-चार्जर ऑफ-सीझनमध्येही कधी बंद करू नका. रिले काढून कोरड्या खोलीत ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, पण परत बसवताना जागा चुकण्याचा धोका पाहता मला ती फारशी पसंत नाही.

साफसफाई करण्यापूर्वी रिले जसा आहे तसाच तपासा आणि ते आकडे लिहून ठेवा. बहुतेक एजन्सी आधी रिले पुसून, संपर्क घासून मग चाचणी घेतात आणि सुंदर अहवाल देतात. पण गेल्या सहा महिन्यांत तो रिले खरोखर चालला असता का, ही माहिती त्या पुसण्यात कायमची जाते. मिळालेली स्थिती आणि सोडलेली स्थिती असे दोन रकाने असलेला अहवाल मागा. एखादा रिले दरवर्षी साफसफाईपूर्वी हळू सापडत असेल, तर तो बदलण्याचा निर्णय तेच आकडे करून देतील.

साफ करताना संपर्कांवर पॉलिश पेपर कधीही वापरू नका. त्याचे कण चांदीत रुततात. बर्निशिंगची बारीक पट्टी हलक्या हाताने एक-दोनदा फिरवली की पुरे. बेअरिंगला तेल देऊ नका. ते रत्नाचे बेअरिंग कोरडेच चालायचे असते, आणि तेलावर भुसा बसला की त्याचा चिकट लगदा होतो. डिस्क आणि ब्रेक मॅग्नेट यांच्या फटीत लोखंडाचा एखादा कीस अडकलेला असतो, तो फुंकून निघत नाही; चिकटपट्टीच्या टोकाने उचलावा. रिले काढल्यावर डिस्क बोटाने शेवटपर्यंत सरकवून सोडा आणि ती कुठेही न थबकता परत येते का पाहा. अनुभवी माणसाला या एका हालचालीतून बरेच कळते.

आयडीएमटी रिलेच्या (प्रवाह जितका जास्त तितक्या लवकर चालणाऱ्या ओव्हरकरंट रिलेच्या) वेळा तपासताना टाइम मल्टिप्लायर १ वर, सेटिंगच्या दुप्पट प्रवाहाला सुमारे १०, पाचपटीला ४.३ आणि दहापटीला ३ सेकंद आले पाहिजेत. दोनच बिंदू घेऊ नका. दुप्पटीवर वेळ बरोबर आणि दहापटीवर चुकीची असेल तर दोष वेगळ्या ठिकाणी असतो. दहापट प्रवाह देताना कॉइल तापते, म्हणून दोन चाचण्यांमध्ये तिला थंड होऊ द्या. जुना साधा इंजेक्शन सेट वापरत असाल तर सिरीजमध्ये पुरेसा रेझिस्टन्स ठेवा, कारण रिलेची कॉइल सॅच्युरेट होऊ लागली की प्रवाहाचा साइन आकार बिघडतो आणि वेळ खोटी येते.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. व्होल्टेज रिले तपासताना पीटीचे सेकंडरी फ्यूज आधी काढा आणि पीटीकडे जाणारी वाट उघडी आहे याची मीटरने खात्री करा. आपण सेकंडरीला दिलेले ११० व्होल्ट उलटे जाऊन प्रायमरीला ११,००० व्होल्ट होतात, आणि तिथे कोणीतरी जनित्राच्या टर्मिनलवर हात घालून काम करत असू शकते. दुसरे, चालू संचावर सीटीची सेकंडरी कधीही उघडी पडू देऊ नका. ड्रॉ-आउट केसमधून रिले ओढला की सीटीची टोके आपोआप शॉर्ट होतात खरी, पण चाळीस वर्षांच्या त्या पट्ट्यांवर आंधळा विश्वास ठेवू नका; आधी टेस्ट ब्लॉकवर शॉर्टिंग करा, मग रिले ओढा.

आता काय बदलावे. माझ्या मते पहिल्यांदा तुमचे ते दोन स्टॅटिक रिले जावेत. त्यांतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतात, दुरुस्तीला सुटे भाग मिळत नाहीत, आणि जुन्या रिलेसारखेच तेही आपली नादुरुस्ती कळवत नाहीत. म्हणजे दोन्ही पिढ्यांचे दोष त्यांच्यात एकत्र आले आहेत. सर्वांत नवे दिसतात म्हणून ते ठेवायचे आणि सीडीजी काढायचे, ही चूक करू नका. पैसे मिळाले तर एक न्यूमेरिकल जनरेटर रिले घ्या आणि रिव्हर्स पॉवर, फील्ड फेल्युअर, निगेटिव्ह सिक्वेन्स (तीन फेजांतला असमतोल) ही कोनाच्या आणि गणिताच्या अचूकतेवर अवलंबून असलेली संरक्षणे त्याच्याकडे सोपवा. स्टेटर अर्थ फॉल्टचेही तसेच : न्यूट्रलच्या व्होल्टेजवर ५ टक्क्यांना लावलेला जुना रिले वाइंडिंगचा ९५ टक्के भागच पाहतो आणि न्यूट्रलजवळचा ५ टक्के भाग उघडा राहतो, तो झाकण्याची सोय नव्या रिलेत मिळते. बिघाडाच्या क्षणीच्या लहरींची नोंद हा त्याचा मोठा फायदा आहे. ती असती तर गेल्या हंगामातल्या घटनेवर आज वाद झालाच नसता. निरोगी सापडलेले डिफरन्शियल (वाइंडिंगच्या दोन टोकांच्या प्रवाहांतला फरक पाहणारे) आणि ओव्हरकरंट रिले मात्र दुसरी फळी म्हणून राहू द्या.

नवा रिले बसवताना जुने आकडे जसेच्या तसे उतरवून घेऊ नका. जुनी डिस्क परत यायला काही सेकंद घेते, त्यामुळे अधूनमधून येणाऱ्या बिघाडात ती पुढे पुढे सरकत शेवटी ट्रिप देते. न्यूमेरिकल रिले, रीसेटची वेळ दिली नाही तर, प्रत्येक वेळी शून्यावरून मोजायला लागतो. हाताने रीसेट होणारा जुना व्हीएजे लॉकआउट रिले काढू नका. नव्या रिलेचे संपर्क नाजूक असतात. ट्रिप कॉइलचा प्रवाह तोडण्याचा भार त्यांच्यावर टाकू नये, आणि बिघाड न पाहता संच पुन्हा चढवण्यापासून तोच हाताचा रीसेट माणसाला थांबवतो. सुट्या भागांसाठी जुने रिले जमवत असाल तर प्रत्येकावर १ की ५ अँपिअर आणि डीसी किती व्होल्ट हे ठळक लिहा. बाहेरून सारखा दिसणारा २२० व्होल्टचा सहायक रिले ११० व्होल्टवर लावला तर तो उचलतच नाही.

दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटणार असे धरले, तर तुमच्याकडे ऑगस्ट आणि सप्टेंबर आहेत. ऑगस्टमध्ये न पुसलेल्या रिलेंची चाचणी आणि ब्रेकरपर्यंतची ट्रिप पूर्ण करा. सप्टेंबरमध्ये सीटींची वक्ररेषा, पोलॅरिटी आणि बॅटरीची डिस्चार्ज चाचणी घ्या. वाफ मिळाल्यावर सिंक्रोनाइझ करण्याआधी एक दिवस मागून घ्या. टर्मिनल शॉर्ट करून एक्सायटेशन हळूहळू वाढवा, प्रत्येक सीटीचा प्रवाह आणि डिफरन्शियल रिलेतला फरकाचा प्रवाह लिहा. मग शॉर्ट काढून ओपन सर्किटवर पीटीचे व्होल्टेज आणि फेज सिक्वेन्स पाहा. शेवटी उघडलेल्या प्रत्येक लिंकेची यादी हातात घेऊन पॅनेलच्या मागे स्वतः जा, एकेक लिंक बोटाने दाबून पाहा आणि यादीवर सही करा.